लाभार्थींच्या शब्दांत

३ फेब्रुवारी, सोमवार

‘आपल्या उपक्रमामुळे कोणती समस्या सुटते, ते दीडशे शब्दांत लिहा.’ मी चारशे लिहिले. संगणकाने दीडशेव्या शब्दावर माझं तोंड बंद केलं, पुढे अक्षरच उमटेना. एकतीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं, वर्गात मला मध्येच थांबवायची कुणाची टाप नव्हती, आणि आता हे खोकं मला सांगणार, पुरे झालं म्हणून.

तर समस्या अशी आहे, आणि इथे मला कुणी अडवणार नाही. आमच्या ह्यांना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. समजतं सगळं. मी एखादी बातमी चुकीची सांगितली तर लगेच कपाळाला आठी पडते. पण तोंडातून शब्द म्हणून निघत नाही. लिहून दाखवा म्हटलं तर तेही जमत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर नकाशे काढले, त्याची अक्षरांशी ओळखच तुटली. आणि गाणं सुरू केलं की हेच गृहस्थ अख्खं कडवं शब्दन्‌शब्द म्हणतात! डॉक्टर म्हणाले, असं होतं, बोलण्याची वाट बंद पडली तरी गाण्याची उघडी राहू शकते. मग मी असेच आणखी सात जण शोधून काढले. दर मंगळवारी टायरच्या दुकानावरच्या माडीवर आम्ही गातो.

टायरवाल्यांनी माडी फुकट दिली होती, आता त्यांना माल ठेवायला हवी आहे. मेअखेर खाली करायची. शहराच्या समाज-उपक्रम निधीने हात दिला तर वाचनालयाची तळमजल्यावरची खोली मिळेल आणि आठवड्यातून एकदा वाचा-उपचार करणाऱ्या बाईही मिळतील. नाही दिला तर मंगळवार संपला. घरी हे एकटे गात नाहीत, म्हणजे मंगळवार संपला तर ह्यांचा आवाज मला पुन्हा कधी ऐकू येणार नाही. हे दीडशे शब्दांत कसं बसवायचं ते निधीवाल्यांनीच मला शिकवावं.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल माडीवर सगळे आले होते. बेकरीवाले नेहमीसारखे सर्वांत आधी येऊन खुर्च्या लावून बसले होते. त्यांच्याकडे एकच शब्द उरला आहे, ‘बरोबर’. भूक लागली तरी बरोबर, पाय दुखला तरी बरोबर, आणि मी की-बोर्डवर चुकले तरी बरोबर. शिंपीणबाईंचं उलटंच. जन्मात कुणाला अरे-तुरे केलं नसेल त्यांनी, पण आजारानंतर तोंडून बाहेर पडतात त्या फक्त शिव्या. त्याही अशा अस्सल की दुकानातले कामगार काम टाकून जिन्यात ऐकत उभे राहतात. बिचाऱ्या तोंडाला रुमाल लावून येतात, आणि इथे सोडून कुठेही जात नाहीत. गाताना मात्र त्यांचा आवाज असा लागतो की मी वाजवायचं विसरते.

मध्ये चहाला थांबतो तेव्हा सगळ्यांशी मीच बोलते. कुणीतरी बोलायला हवं ना! डोळ्यांतलं मला कळतं. ह्यांना साखर कमी वाटते, बेकरीवाल्यांना खिडकी लावून हवी असते, शिंपीणबाईंना सुनेबद्दल सांगायचं असतं. प्रत्येकाच्या वतीने मीच बोलून टाकते, म्हणजे वेळ फुकट न जाता आम्ही पुन्हा गाण्याला लागतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मुलगी अर्ज भरायला आली होती. नोंदणीचा दाखला, संस्थेची घटना, डॉक्टरांची पत्रं, आणि वर अध्यक्ष, सचिव, खजिनदार हवेत. आमच्याकडे खजिना नाही, खजिनदार कुठून आणू? शेवटी बेकरीवाल्यांना केलं. विचारलं तेव्हा म्हणाले, बरोबर.

जेवताना मुलीने विचारलं, “बाबा, मला दुसऱ्या कंपनीत बोलावलंय. जाऊ का?”

मी म्हटलं, “त्यांना नाही पसंत. लांब पडेल तुला.”

“आई, मी बाबांना विचारलं.”

“अगं, मग त्यांचंच तर सांगतेय मी!”

ती ताट घेऊन उठली. हल्लीच्या मुलींचा राग कायम नाकावर. हे तिच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांनाही वाईट वाटलं असणार, तसं मी त्यांना म्हणालेसुद्धा.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज तळपायाची आग मस्तकात गेली. अर्जाचा नववा भाग: ‘उपक्रमामुळे झालेला बदल लाभार्थींच्या स्वतःच्या शब्दांत नोंदवा. किमान आठ अभिप्राय आवश्यक.’

स्वतःच्या शब्दांत! अरे, शब्द असते तर अर्ज कशाला केला असता? आंधळ्याला म्हणायचं, तुला काय दिसत नाही ते चित्र काढून दाखव. आणि लाभार्थी म्हणे. लाभ अजून कशाचाही झालेला नाही, मनस्ताप मात्र झाला आहे. निधीच्या कार्यालयात फोन केला तर पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, तो रकाना सोडता येत नाही, लाल होतो.” म्हटलं, इथे मीही लाल झाले आहे, त्याचं काय?

शेवटी बसले आणि आठही अभिप्राय लिहून काढले. मला कठीण नव्हतं, या माणसांना माझ्याइतकं कोण ओळखतं? ह्यांचा सर्वांत छान झाला. ‘माझ्या पत्नीच्या अथक परिश्रमांमुळे माझ्या जीवनात पुन्हा सूर आला आहे.’ त्यांना वाचून दाखवला. ते उठून गॅलरीत गेले. भावना अनावर झाल्या असतील.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्ज गेला. संकेतस्थळ तीनदा बंद पडलं आणि दर वेळी पहिल्यापासून भरावं लागलं. नमनालाच घडाभर तेल गेलं आहे.

१८ मार्च, मंगळवार

आजच लिहून ठेवते.

निधीच्या तपासणी अधिकारी आल्या होत्या. वयाने माझ्या मुलीहून लहान, पाठीला राखाडी पिशवी, हातात टॅबलेट. मी दोन आठवडे कसून तालीम घेतली होती, कारण परक्या माणसासमोर बेसूर गायलेलं मला खपत नाही. आणि गायले हो सगळे! दुसऱ्या गाण्यात तर खाली टायरवाल्यांनी हवा भरायचं यंत्र बंद केलं. माझा ऊर भरून आला.

अधिकारी बाईंनी टाळ्या वाजवल्या. म्हणाल्या, “किती सुंदर! हे सगळे मुरलेले गायक दिसतात.” मी खुलासा करणार, तोवर त्या बेकरीवाल्यांकडे वळल्या.

“काका, तुम्ही इथे छंद म्हणून येता?”

“बरोबर,” बेकरीवाले हसून म्हणाले.

“घरी वेळ जात नाही म्हणून?”

“बरोबर, बरोबर.”

“तब्येतीचा तसा काही त्रास नाही ना?”

“बरोबर!”

घोडं कुठे पेंड खातंय ते शिंपीणबाईंच्या लक्षात आलं. त्या मदतीला धावल्या. रुमाल बाजूला करून त्यांनी अधिकारी बाईंचा हात धरला, आणि अत्यंत कळवळून जे काही म्हणाल्या ते मी इथे लिहिणार नाही. अधिकारी बाईंचे कान लाल झाले.

मग त्यांनी ह्यांना विचारलं, “काका, तुम्हाला काय वाटतं या मंगळवारांबद्दल?” मी लगेच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! तोच प्रश्न ह्यांना पुन्हा विचारला आणि समोर नुसत्या उभ्या राहिल्या. आजारी माणसाला असं ताटकळत ठेवायचं, हा कुठला उद्धटपणा? ह्यांची मान ताठ झाली, ओठ हलायला लागले, कपाळावरची शीर दिसायला लागली. मला बघवेना. मी उत्तर देऊन टाकलं आणि चहा आणायला सांगितला. बाईंनी टॅबलेटवर काहीतरी टिपून घेतलं.

वर्षभर राबून ज्यांना गायला लावलं, ते चांगले गायले म्हणून धडधाकट ठरणार की काय? वाईट गायलो असतो तर बरं झालं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३ एप्रिल, गुरुवार

आला नकार. ‘आपला उपक्रम स्तुत्य असला तरी तो प्रौढांसाठीचा छंदवर्ग असल्याचे प्रथमदर्शनी दिसते. एका लाभार्थीने तपासणीत तसे मान्य केले आहे. तसेच सादर केलेले आठही अभिप्राय एकाच व्यक्तीने लिहिले असावेत असे वाटते.’

असावेत असे वाटते! मग काय आठ मुक्या माणसांनी आठ निबंध लिहायचे होते? आधी अशक्य ते मागायचं आणि करून दिलं की खोटं ठरवायचं. चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कशाला म्हणतात?

याच निधीतून गेल्या वर्षी चौकात कारंजं झालं. उद्घाटनाच्या दिवशी उडालं, त्यानंतर त्यात पाण्याचा थेंब नाही. त्या कारंज्याने स्वतःच्या शब्दांत अभिप्राय दिला होता का, हे मला विचारायचं आहे. आज जेवले नाही. ह्यांनी माझ्यापुढे ताट सरकवलं, मी परत सरकवलं. मेनंतर मंगळवारी आम्ही दोघं या घरात काय करणार? मी बोलणार आणि भिंती ऐकणार.

४ एप्रिल, शुक्रवार

कार्यालयात फोन केला. नेमका त्या राखाडी पिशवीवाल्या अधिकारी बाईंनीच उचलला. मी त्यांना चांगलं अर्धा तास फैलावर घेतलं. ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, “बाई, डॉक्टरांची पत्रं मी नंतर नीट वाचली. तुम्ही अपील करा. समितीपुढे सुनावणी होते, आणि दोन लाभार्थींना सोबत आणता येतं. काकांना आणा.”

म्हटलं, “कशाला? तुमच्यासमोर गप्प बसवायला?”

मग म्हणाल्या, “आणाच तुम्ही.” जखमेवर मीठ चोळायचं शिक्षण देतात वाटतं यांना नोकरीत.

२२ एप्रिल, मंगळवार

परवा सुनावणी. ह्यांना आणि बेकरीवाल्यांना नेते आहे. प्रत्येक अर्जदाराला दहा मिनिटं मिळतात. माझं भाषण आरशासमोर म्हटलं तर अठरा मिनिटं झालं, भरभर म्हटलं तर चौदा.

मुलीचा फोन आला. “आई, तू थोडंच बोल. बाबांना बोलायला जागा ठेव.”

“आणि ते काय बोलणार? गाणार समितीसमोर? मग पुन्हा छंदवर्ग!” बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं विकत नाही, हे मी तिला लहानपणापासून सांगत आले आहे. तिने फोन बाबांना दे म्हटलं. दिला. हे बराच वेळ फोन कानाला लावून बसले. पलीकडे ती काही बोलत होती की नाही कोण जाणे, मला तर काहीच ऐकू आलं नाही. एवढा वेळ नुसता फोन चालू ठेवण्यात काय अर्थ?

२४ एप्रिल, गुरुवार

काय लिहू?

लांबलचक टेबल, पलीकडे पाच माणसं, खोलीत हुडहुडी भरेल एवढा गारवा. मधोमध अध्यक्ष, कानाला ऐकण्याचं यंत्र लावलेले. कडेला अधिकारी बाई. मी उभी राहिले आणि बोलले. सगळं बोलले. नियमांना नावं ठेवली, नवव्या भागाचे वाभाडे काढले, कारंजंही काढलं. समितीतले एकजण कारंज्याला खोकले. दहा मिनिटं झाल्याची घंटा वाजली तरी मी बोलतच होते.

अध्यक्ष म्हणाले, “तुमचं म्हणणं पोचलं. आता यांना विचारू. काका, हा गट तुम्हाला कशासाठी हवा आहे?”

मी म्हटलं, “मी सांगते ना.”

अधिकारी बाई मध्ये पडल्या. “सर, काकांना थोडा वेळ लागेल. द्यावा, अशी विनंती आहे.”

मग सगळे थांबले. पाच परकी माणसं आमच्या ह्यांच्या तोंडाकडे बघत बसली. टेबलाच्या कडेवर त्यांचा डावा हात घट्ट आवळलेला. मान ताठ झाली, ओठ हलले, शीर फुगली. मला वाटलं, आता ह्यांना पुन्हा झटका येणार आणि त्याला ही माणसं जबाबदार असणार. मी म्हटलं, “ह्यांचं म्हणणं असं आहे की...”

“गप गं.”

कोण बोललं ते मला आधी कळलंच नाही. वळून बघितलं, तर हे माझ्याचकडे बघत होते. गाणं नाही, सूर नाही, काही नाही. साधं, स्वच्छ, आमच्या लग्नाइतकं जुनं ‘गप गं’.

मी मटकन खाली बसले. नंतर पुन्हा बराच वेळ गेला. मग ते अध्यक्षांना म्हणाले, “मंगळवार.” थांबले. “हवा.” आणखी थांबले. “मला.”

शेजारून बेकरीवाले म्हणाले, “बरोबर.”

अध्यक्षांनी कानातलं यंत्र काढलं, पुसलं, परत घातलं. कळवतो म्हणाले. बाहेर जिन्यात बेकरीवाले ह्यांचा हात धरून गदागदा हलवत होते.

आणि मी? दीड वर्ष या माणसाच्या एका शब्दासाठी मी रात्रंदिवस जीव टाकला. पहिला शब्द माझं नाव असेल, किंवा मुलीचं, असं मनाशी धरून बसले होते. आणि पहिला शब्द निघाला तो ‘गप’. तोही चारचौघांत, मला, जी एकटी यांच्यासाठी जगाशी भांडते आहे! रडूही येतंय आणि रागही. आनंद झाला नाही असं नाही. पण तो आनंदसुद्धा मला फटक्यासारखा लागला. येताना मी गाडीत एक अक्षर बोलले नाही.

२६ एप्रिल, शनिवार

अबोला चालू आहे. बघू दे त्यांना, मी गप्प राहिले की घर कसं होतं ते.

काल सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी वळून बघितलंच नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, “चहा.” केला, आणि कप आपटून ठेवला. दुपारी गॅलरीत बसून म्हणाले, “ऊन.” संध्याकाळी शेजारच्यांचा कुत्रा आला तर त्याच्याशीही, “ये. ये.” दीड वर्ष मी विचारून विचारून घसा कोरडा केला तेव्हा एक शब्द नाही, आणि आता मी रुसले आहे तर मला चिडवायला शब्दावर शब्द! पुरुषांची जात.

२९ एप्रिल, मंगळवार

माडीवर आज घसा बसल्याचं निमित्त केलं. नुसतं वाजवलं, बोलले नाही. चहाच्या वेळी खुर्चीवर बसून राहिले. आधी अगदी शांत होतं, मला फार अवघड झालं. मग शिंपीणबाई ह्यांना काहीतरी म्हणाल्या, अर्थात शिवीच. हे हसले. खूप दिवसांनी असे हसले. मग म्हणाले, “सून?” शिंपीणबाईंनी जोरजोरात मान हलवली, आणखी दोन शिव्या दिल्या, आणि बेकरीवाले म्हणाले बरोबर. त्यांचं काहीतरी चाललं होतं खरं. चहा पार गार झाला, पण कुणी तक्रार केली नाही. मला त्यांच्यात कुणी ओढलं नाही, हे लागलं.

९ मे, शुक्रवार

मंजूर! वाचनालयाची खोली एक वर्षासाठी, आणि वाचा-उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा. मी पत्र हातात घेऊन घरभर फिरले. मग दुसरं पान उलटलं.

‘अट क्रमांक चार: प्रत्येक सत्राचा निम्मा वेळ लाभार्थींच्या परस्पर संभाषणासाठी राखून ठेवावा. त्या वेळेत संचालिकेने बोलू नये. अटी मान्य असल्यास सोमवारपर्यंत स्वाक्षरी करून पाठवावे.’

संचालिकेने बोलू नये! मी उभा केलेला गट, मी गोळा केलेली माणसं, आणि माझ्याच तोंडाला सरकारी कुलूप. तशीच फोनकडे धावले. अधिकारी बाई म्हणाल्या, “ती अट मीच सुचवली. रागावू नका बाई, पण तुम्ही प्रश्न विचारून जेवढा वेळ थांबता ना, तेवढ्यात उत्तर मलासुद्धा देता यायचं नाही.” मी फोन ठेवून दिला. असले पैसे घेऊन मी काय करू? मान गहाण टाकायची माझी सवय नाही.

हे टेबलाशी बसले होते. पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि अट वाचून दाखवली. म्हटलं, “अहो, मी हे नाकारणार आहे. तुम्हालाही तसंच वाटतं ना?” आणि ‘वाटणारच’ हा शब्द माझ्या ओठांवर आला होता.

तो मी गिळला. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित त्या अधिकारी पोरीला खोटं पाडायचं होतं, की बघ, थांबले तरी उत्तर काही येत नाही. मी थांबले. त्यांची मान ताठ झाली, शीर दिसायला लागली. माझी बोटं पदरात गुंतली. त्यांच्या तोंडात शब्द घालायला मी किती घाबरून धावते, ते मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. झटका आला त्या दिवशीसुद्धा ते असेच काहीतरी म्हणू बघत होते आणि मी ‘काय, काय’ करत होते. तेव्हापासून ती शांतता मला सहनच होत नाही.

“सही,” ते म्हणाले. “कर.”

मी पेन शोधायला उठले. त्यांनी डाव्या हाताने मनगट धरून मला खाली बसवलं. अजून काहीतरी येत होतं. मी पुन्हा थांबले. बाहेर कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्ट्या देऊन दमला.

“तू,” ते म्हणाले. मग कितीतरी वेळाने, “दमलीस.”

दीड वर्षात हे मला कुणी म्हटलं नव्हतं. डोळे पुसले आणि सही केली. ती वाकडीतिकडी आली आहे, पण तशीच पाठवणार.